पडद्याच्या मापाचं चित्र : प्रस्तावना

भोसरी, तळवडे, चाकण, म्हाळुंगे या पट्ट्यात आपलं पुस्तक आपणच तयार करणारी माणसं भेटतात. आयटीआयमधला एखादा निदेशक टर्नर-फिटरच्या मुलांसाठी नोट्सची ई-पुस्तिका बांधतो. टूल रूममधून निवृत्त झालेला कारागीर फिक्स्चरबद्दल आयुष्यभर जे शिकला ते लिहून ठेवतो. जमीन एमआयडीसीत गेलेल्या गावातलं कुणी जुनं गाव कसं होतं याची नोंद करतं, कुणी कवितासंग्रह काढतं. छपाईचा खर्च झेपत नाही, प्रकाशकाची ओळख नसते आणि वाचक तर फोनवरच आहे. मग ई-पुस्तकाचा मार्ग धरला जातो, आणि तो योग्यच आहे.

मजकुरावर ही मंडळी मनापासून मेहनत घेतात. शुद्धलेखन कुणाकडून तरी तपासून घेतात, प्रकरणांचा क्रम चार वेळा बदलतात. चित्रांची पाळी शेवटी येते. कुठलं फोनमधलं, कुठलं व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं, कुठलं जुन्या प्रेझेंटेशनमधून उचललेलं, असं जे हाताशी असेल ते भरून पुस्तक पूर्ण होतं. वाचकाच्या फोनवर मजकूर छान दिसतो. चित्रात काहीतरी आहे एवढंच कळतं. तंत्राच्या पुस्तकात तर निम्मं शिकवणं चित्रात असतं. ते गेलं की लेखकाचे कष्ट गेले.

या पुस्तिकेत पानोपानी मी एकच गोष्ट सांगणार आहे. ई-पुस्तकातल्या चित्राचं माप वाचकाच्या हातातल्या पडद्यावर ठरतं, आणि ते चित्र काढायच्या किंवा फोटो घ्यायच्या आधी ठरवावं लागतं. सॉफ्टवेअर कोणतं, बटण कुठलं, हे सगळं त्यानंतरचं.

खरं तर ही शिस्त या भागातल्या माणसाच्या अंगात आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, १९६२ मध्ये एमआयडीसी आली, आणि त्यानंतर इथं ड्रॉइंग वाचणाऱ्यांच्या पिढ्या तयार झाल्या. ड्रॉइंग बोर्डवर ज्यांनी काम केलं त्यांना रोट्रिंग पेनांचे आकडे आजही पाठ असतील : ०.२५, ०.३५, ०.५, ०.७, १.०. हे आकडे असेच का? प्रत्येक आकडा आधीच्याच्या सुमारे १.४ पट आहे, म्हणजे दोनच्या वर्गमुळाइतका. कागदाची मापंही त्याच हिशेबानं बांधलेली आहेत. ए३ चा ए४ केला की लांबी आणि रुंदी नेमकी तेवढ्याच पटीनं घटते. ए३ वर ०.५ च्या पेनानं ओढलेली रेषा ए४ च्या झेरॉक्सवर ०.३५ ची होते, आणि त्या झेरॉक्सवर दुरुस्ती करायची तर ०.३५ चं पेन घेतलं की रेषेत रेषा मिळते. अक्षरांच्या उंचीची मालिकाही तशीच : २.५, ३.५, ५, ७ मिमी. ड्रॉइंग पुढं लहान होणार, हे धरूनच ज्यांनी ही मापं ठरवली त्यांच्या दूरदृष्टीला मी मनोमन नमस्कार करतो.

मात्र ए३ चा ए४ होणं वेगळं आणि ए३ चा फोन होणं वेगळं. साडेसहा इंची फोन उभा धरला तर पडद्याची रुंदी साधारण ६८ मिमी भरते. ए३ आडवा कागद ४२० मिमी रुंदीचा. म्हणजे चित्र सहा पटींहून जास्त आकसतं. ड्रॉइंगवरचं ३.५ मिमी उंचीचं अक्षर पडद्यावर जेमतेम ०.५७ मिमी उरतं. ०.३५ ची रेषा ०.०५७ मिमी होते, आणि १०८० पिक्सेल रुंदीच्या अशा पडद्यावर एक पिक्सेलच सुमारे ०.०६३ मिमीचा असतो. रेषा पिक्सेलपेक्षा बारीक झाली. ती मग फिकट करड्या रंगात दिसते किंवा मध्येच तुटते. फोनचा दोष नाही आणि स्कॅनरचाही नाही. सहा पटींचा हिशेब कुणी केला नाही, एवढंच.

वाचक चिमटीनं चित्र मोठं करील, असं उत्तर यावर मिळतं. करील, पण फाइलमध्ये जेवढे पिक्सेल आहेत तेवढंच त्याला दिसेल. १००० पिक्सेलचं चित्र तिप्पट केलं तर धुकंच मोठं होतं. आणि सकाळच्या कंपनी बसमध्ये एका हातानं दांडी धरून वाचणाऱ्या अ‍ॅप्रेंटिसला चिमटीसाठी दुसरा हात कुठून मिळणार? चित्र मोठं न करताच कळावं, मोठं केलं तर आणखी कळावं, असं मी धरून चालतो.

एक उदाहरण जवळून पाहू. व्हर्नियर कॅलिपर कसा वाचायचा हे प्रत्येक फिटरच्या पुस्तकात असतं. ०.०२ मिमी लघुतम माप असलेल्या व्हर्नियरवर सरकत्या पट्टीचे ५० भाग मुख्य पट्टीच्या ४९ मिमीत बसवलेले असतात. एक भाग ०.९८ मिमीचा. वाचन म्हणजे त्या पन्नासातली कुठली रेघ मुख्य पट्टीच्या रेघेशी तंतोतंत जुळते ते हेरणं. आता लेखक काय करतो? कॅलिपर टेबलावर ठेवतो आणि जबड्यापासून शेपटीपर्यंत पूर्ण दिसेल असा फोटो घेतो. १५० मिमीचा कॅलिपर लांबीला साधारण २३० मिमी असतो. १०८० पिक्सेलमध्ये २३० मिमी म्हणजे एका मिमीला ४.७ पिक्सेल. दोन रेघांमधलं अंतर साडेचार पिक्सेल, रेघेची जाडी एखादा पिक्सेल, आणि जुळलेली रेघ व शेजारची न जुळलेली रेघ यांत फरक एका मिमीच्या पन्नासाव्या भागाचा, म्हणजे पिक्सेलच्या दहाव्या हिश्शाएवढा. जे शिकवायचं तेच या फोटोत असू शकत नाही. कॅमेरा कितीही महाग घ्या.

उपाय म्हणजे कापणं. ज्या जागी रेघ जुळते तिथला १५ मिमीचा पट्टा जवळून टिपून पूर्ण रुंदीत दिला, तर एका मिमीला ७२ पिक्सेल मिळतात. पन्नासावा भागही आता दीड पिक्सेलचा झाला. जुळलेली रेघ डोळ्याला एकसंध दिसते आणि शेजारची किंचित सरकलेली. अख्खा कॅलिपर दाखवायचाच असेल तर त्याचं वेगळं, छोटं, साध्या रेषांचं चित्र आधी द्या आणि त्यात मोठा केलेला भाग चौकटीनं दाखवा. ड्रॉइंगमध्ये आपण ‘डिटेल ए’ काढतो, अगदी तसंच. एका भरगच्च चित्राऐवजी दोन मोकळी चित्रं, हा माझा ठाम आग्रह आहे. कागदी पुस्तकात पान वाढलं की खर्च वाढायचा. ई-पुस्तकात पानांचा प्रश्नच नाही.

फोटोबद्दल इथंच एक सांगून टाकतो. ग्राइंडिंग केलेल्या पोलादावर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा उमटतो आणि रेघा त्याखाली जातात. दिवा आणि जॉब यांच्यामध्ये ट्रेसिंग पेपरचा ताव धरा. प्रकाश पसरतो, पट्टा जातो. याला पैसे लागत नाहीत आणि पुढं संगणकावरचा तासभर वेळ वाचतो.

माप आधी ठरवण्याची ही रीत आपल्याकडं जुनी आहे. पिंपरीहून लोणावळ्याची लोकल धरली की वाटेत मळवली लागतं. राजा रविवर्मा यांचा १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला छापखाना पुढं तिथं हलवला गेला होता. मूळ तैलचित्र भिंतीएवढं असलं तरी शिळाछापाच्या दगडावर ते छपाईच्या मापानं आणि उलटं उतरवावं लागे, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. घरोघरी टांगल्या गेलेल्या लक्ष्मी-सरस्वती त्या दगडाच्या मापातून आल्या. तिथल्या कारागिरानं ‘आधी काढू, मग बघू’ म्हटलं असतं तर अख्खा दगड घासून पुन्हा सुरुवात करावी लागली असती.

कारखान्यातून पुस्तकी काम उभं राहण्याचा दाखलाही घरचाच आहे. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं. नांगर आणि चरक बनवणाऱ्या कारखान्याचं ते मुखपत्र. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते. ‘शंवाकि’ म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतो. त्याच खबरीतून पुढं ‘किर्लोस्कर’ हे महाराष्ट्रातलं मोठं मासिक झालं. कारखान्याच्या आवारात राहून उत्तम सचित्र मराठी वाचन तयार करता येतं, हे शंभर वर्षांपूर्वी सिद्ध झालेलं आहे. चाकणच्या माणसानं त्यात कमीपणा मानायचं कारण नाही.

त्या काळी चित्र छापायचं म्हणजे ब्लॉक करावा लागे. जस्ताच्या पत्र्यावर चित्र कोरून घ्यायचं, आणि त्याचा दर चौरस इंचावर. त्यामुळं चित्र छापून किती रुंद येणार, हा प्रश्न चित्रकाराला पहिल्याच दिवशी विचारला जाई. बरेच चित्रकार छपाईच्या दीडपट-दुप्पट मोठं काढत; लहान होताना हाताचा खडबडीतपणा झाकला जाई आणि रेषा ठसठशीत राहत. ब्लॉकही दोन जातींचे. नुसत्या काळ्या रेषांचं चित्र असेल तर लाइन ब्लॉक, फोटोसारख्या छटा असतील तर जाळीतून घेतलेला हाफटोन. दीनानाथ दलालांसारख्या चित्रकारांना कुठलं काम कुठल्या ब्लॉकला जाणार हे पक्कं माहीत असे आणि त्याप्रमाणं ते रेषा किंवा छटा योजत.

आजच्या फाइलींच्या प्रकारांतही तीच फोड आहे. जेपेग १९९२ चं मानक. ते फोटोसाठी केलेलं. चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडून डोळ्याला न जाणवणारा तपशील ते टाकून देतं. फोटोत हे खपून जातं. पण पांढऱ्यावर काळी रेषा असलेलं ड्रॉइंग जेपेगमध्ये साठवलं की प्रत्येक रेषेच्या कडेनं करडे ठिपके उमटतात, आणि दर वेळी उघडून पुन्हा साठवलं की ते वाढतात. रेषाचित्राला पीएनजी वापरा. त्यात काही टाकलं जात नाही, आणि साध्या रेषाचित्राची फाइल बहुतेक वेळा जेपेगपेक्षा लहानच भरते. तिसरा प्रकार एसव्हीजी. यात पिक्सेल नसतातच; रेषा कुठून कुठं गेली याचं गणित साठवलेलं असतं, म्हणून कितीही मोठं केलं तरी धार जात नाही. ज्यांच्याकडं कॅडमधलं स्वतःचं ड्रॉइंग आहे त्यांनी ते डीएक्सएफ फाइल करून इंकस्केप या सॉफ्टवेअरमध्ये उघडावं आणि एसव्हीजी करावं. फक्त कॅडमधून आलेल्या रेषा बऱ्याचदा केसासारख्या बारीक असतात. बाह्यरेषेला जास्त आणि मितीच्या रेषेला त्याच्या निम्मी जाडी हातानं द्यावी लागते. यावर या पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे, कारण आपल्या भागात हा खजिना सगळ्यांत जास्त आहे आणि सगळ्यांत कमी वापरला जातो.

आकड्यांबद्दल. डीटीपीवाल्याच्या तोंडी ‘३०० डीपीआय’ हे शब्द कायम असतात. छपाईसाठी ते बरोबर आहेत. पडद्याला डीपीआयची चिठ्ठी कळत नाही. १००० पिक्सेल रुंदीच्या चित्रावर ७२ लिहा की ३०० लिहा, पडद्यावर ते १००० पिक्सेलच राहतं. विचारायचं ते पिक्सेल. ३०० पिक्सेल प्रतिइंच असलेल्या सहा इंची किंडल पेपरव्हाइटचा पडदा १०७२ बाय १४४८ चा आहे. आजचे बहुतेक फोन १०८० रुंदीचे. म्हणून पूर्ण रुंदीच्या चित्राला मी १६०० पिक्सेल रुंदी सुचवतो. टॅबलेटलाही ती पुरते. वाचकानं मोठं करून पाहावं असा नकाशा किंवा सर्किट असेल तर २४०० पर्यंत जा. त्यापुढं गेल्यानं वाचकाला काही मिळत नाही. मुखपृष्ठाला अ‍ॅमेझॉन २५६० पिक्सेल उंची आणि १६०० रुंदी सुचवतं, ते माप बाकी ठिकाणीही चालून जातं. पुस्तकाच्या आत चित्राची रुंदी टक्क्यांत लिहा, पिक्सेलमध्ये नाही. म्हणजे पडदा कोणताही असो, चित्र त्याच्या मापानं बसेल. आणि लहान चित्र ताणून मोठं करू नका. नसलेला तपशील ताणल्यानं येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरून चित्र मागवलंत तर ते वाटेतच आकसून येतं. पाठवणाऱ्याला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, मूळ फाइल येईल.

रंगांचा प्रश्न शॉप फ्लोअरवरच्या लेखकाला फार सतावतो. कारखान्यात रंगाला अर्थ असतो. लाल क्रेट रिजेक्टचा, पिवळा रीवर्कचा, हिरवा ओके मालाचा. चित्रातही लेखक हेच रंग भरतो. पण बहुसंख्य ई-इंक यंत्रं अजून काळ्या-पांढऱ्याचीच आहेत, करड्याच्या १६ छटा दाखवणारी. रंगाचं करड्यात रूपांतर करायचं एक रूढ गणित आहे : लालाचा सुमारे ३० टक्के भाग, हिरव्याचा ५९, निळ्याचा ११. शुद्ध लाल रंग घेतला तर त्या गणितानं करड्याचा आकडा ७६ येतो. नेहमीचा गडद हिरवा घेतला तर ७५. म्हणजे रिजेक्टचा क्रेट आणि ओकेचा क्रेट एकाच छटेचे झाले. पिवळा २२६ वर जातो, कागदात जवळपास मिसळून. ज्या चित्रानं माल वेगळा करायला शिकवायचं तेच चित्र माल एकत्र करतं. म्हणून रंगावर विसंबू नका. रंग द्या, पण जोडीला तिरप्या रेघा द्या, फुली द्या, ठिपके द्या. सेक्शन दाखवताना वेगवेगळ्या भागांना वेगवेगळ्या दिशेनं हॅचिंग करायची सवय ड्राफ्ट्समनला असतेच. तीच इथं कामाला येते. ज्या वाचकांना लाल-हिरव्यातला फरक मुळातच दिसत नाही त्यांचीही यात सोय होते. चित्र पूर्ण झालं की एकदा करडं करून पाहा, एवढी तपासणी मी प्रत्येकाला करायला लावतो.

आता चित्रातल्या अक्षरांकडं येतो, कारण मराठी पुस्तकांचं सर्वाधिक नुकसान इथं होतं. देवनागरी अक्षराला वर मात्रा-वेलांटी-रफार, खाली उकार; रोमन अक्षराला जेवढी उंची पुरते तेवढीत आपलं अक्षर मावत नाही. लहान झालं की ‘षट्कोनी’ आणि ‘चौकोनी’ यांतला फरकही अंदाजानं ओळखावा लागतो. शिवाय चित्रात छापलेलं नाव वाचकाला शोधता येत नाही, फॉन्ट मोठा केला तरी ते मोठं होत नाही, आणि एसव्हीजीत लिहिलं तर वाचकाच्या यंत्रात तो फॉन्ट नसल्यास जोडाक्षरं फुटतात.

यावरचा तोडगा इन्स्पेक्शन विभागात रोज वापरला जातो. ड्रॉइंग हाती आलं की क्वालिटीचा माणूस प्रत्येक मितीला गोलात नंबर देतो. बलून मारणं म्हणतात त्याला. रिपोर्टात मग एक नंबरची मिती अमुक, दोन नंबरची तमुक. चित्रात फक्त बलून ठेवा, नावं खाली मजकुरात द्या : १ म्हणजे चक, २ म्हणजे जॉ, ३ म्हणजे टूल पोस्ट. अंक मोठे आणि ठळक काढा, १६०० पिक्सेलच्या चित्रात किमान ६० पिक्सेल उंच. अंकांचीही रेषा करून टाकली की फॉन्टचा प्रश्न मिटतो. पुस्तक कुणी दुसऱ्या भाषेत करायचं म्हटलं तर चित्रं तशीच वापरता येतात. हिंदी, ओडिया, बांगला बोलणारी मुलं चाकणच्या प्रत्येक लाइनवर आहेत, त्यामुळं हा विचार हवेतला नाही.

आणि प्रत्येक चित्रामागं त्याचं वर्णन लिहा. ई-पुस्तकाच्या ईपब या प्रकारात त्याची जागा असते; दृष्टी नसलेल्या वाचकाचा फोन ते मोठ्यानं वाचून दाखवतो. ‘चित्र ५’ हे वर्णन नव्हे. ‘तीन जबड्यांच्या चकमध्ये धरलेला गोल जॉब, टूल उजवीकडून येतंय’ हे वर्णन. ते लिहिताना एखाद्या चित्रातून काहीच सांगता येत नाही असं लक्षात आलं, तर ते चित्र काढून टाकायला हरकत नाही.

पीडीएफबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही, तरी मांडतो. मराठीत ई-पुस्तक म्हणजे पीडीएफ असं समीकरण बसलं त्याला कारण आहे. वर्षानुवर्षं आपलं टायपिंग पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीत आणि तशाच इतर फॉन्टांत झालं. तो मजकूर युनिकोड नसल्यानं दुसरीकडं नेला की त्याचा गोंधळ होई; पीडीएफमध्ये मात्र जसाच्या तसा राही. ठाण्याच्या ई साहित्य प्रतिष्ठाननं पीडीएफच्या वाटेनंच कितीतरी मराठी पुस्तकं मोफत घरोघरी पोचवली, हे काम मोठं आहे. पण ए४ ची पीडीएफ फोनवर उघडली की १२ पॉइंटचं अक्षर चारहूनही कमी पॉइंटचं होतं. पीडीएफच करायची असेल तर पान ९० बाय १६० मिमीचं घ्या. मग १२ चं अक्षर ९ वर थांबतं आणि चित्रंही त्याच हिशेबात राहतात. मजकूर युनिकोडमध्ये असेल तर मात्र ईपब करा. ते मुळात मजकूर आणि चित्रांची बांधलेली झिप फाइल आहे, आतलं सगळं उघडून पाहता येतं, सुधारता येतं. सिजिल आणि कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं कॅलिबर ही दोन्ही साधनं फुकट आहेत. चित्रांसाठी गिंप आणि इंकस्केप, तीही फुकट.

वजनाचा हिशेब थोडक्यात. साठ फोटो फोनमधून थेट भरले, प्रत्येकी चार एमबीचे, तर पुस्तक २४० एमबीचं होतं. तेच १६०० पिक्सेलवर आणून जेपेग केले की प्रत्येकी तीनशे केबीच्या आसपास, पुस्तक १८ एमबीत बसतं. अ‍ॅमेझॉनवर ७० टक्के मानधनाचा पर्याय घेतला तर भारतातल्या विक्रीवर दर एमबीमागं ७ रुपये पोचवणावळ कापली जाते. १८ एमबीला १२६ रुपये. दीडशे रुपयांच्या पुस्तकात लेखकाला काय उरणार? अशा सचित्र पुस्तकाला ३५ टक्क्यांचा पर्याय फायद्याचा ठरतो, त्यात ही कपात नाही. किंवा रेषाचित्रं वाढवून फोटो कमी करावेत, जे मला तसंही अधिक आवडतं.

गावाचा इतिहास लिहिणाऱ्यांसाठी एक पूर्ण प्रकरण दिलं आहे. जुना पोस्टकार्ड आकाराचा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा, म्हणजे २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, आणि ती मूळ प्रत तशीच जपून ठेवा. भजनी मंडळाच्या चाळीस जणांच्या फोटोत एका रांगेत चौदा माणसं असतील तर फोनच्या रुंदीत एका माणसाला ऐंशी पिक्सेलही मिळत नाहीत, चेहऱ्याला त्याच्या निम्मे. नातवाला आजोबा ओळखू यायचे तर पूर्ण फोटो एकदा देऊन मग डावा आणि उजवा भाग वेगळा द्यावा लागतो. मोडी कागद काळा-पांढरा करू नका. फिकट शाई त्यात नाहीशी होते, रंगीतच ठेवा. आणि जुना चेहरा ‘स्पष्ट’ करून देणाऱ्या अ‍ॅपपासून लांब राहा. ते फोटोत नसलेले डोळे आणि ओठ स्वतःच्या अंदाजानं भरतं. तो देखणा चेहरा कुणाचाही असेल, तुमच्या पणजोबांचा नसतो. इतिहासाच्या पुस्तकात याला मी खोटी नोंद म्हणतो.

शेवटचं प्रकरण हक्कांचं आहे आणि ते वाचल्याशिवाय पुस्तक प्रसिद्ध करू नये अशी माझी विनंती आहे. या पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांच्या गेटवर फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. त्यामागं कारण आहे : आतला पार्ट, त्याचं ड्रॉइंग, फिक्स्चर हे बहुधा ग्राहक कंपनीच्या मालकीचं असतं आणि ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमध्ये तशी सूचना असते. नोकरीत असताना तुम्ही स्वतः काढलेल्या ड्रॉइंगचा हक्कही सहसा कंपनीकडं जातो. पार्टचं नाव खोडून चित्र वापरणं हा उपाय नाही. जाणणारा आकारावरून ओळखतो. शिकवण्यासाठी स्वतःचा पार्ट योजा. साधा बुश, एक खांदा, दोन बोअर, मिती तुमच्या मनाच्या. त्यावर क्लॅम्पिंगही शिकवता येतं आणि टॉलरन्सही. प्रत्यक्ष पार्टमधली शंभर अनावश्यक वळणं त्यात नसल्यानं विद्यार्थ्याला ते लवकर कळतं.

चित्रकारांच्या बाबतीत आपल्या कायद्याची मुदत निधनानंतर ६० वर्षांची. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांची चित्रं कुणालाही वापरता येतात. दलाल १९७१ मध्ये गेले. त्यांची चित्रं २०३१ संपेपर्यंत परवानगीशिवाय घेता येणार नाहीत, मग ती इंटरनेटवर कितीही ठिकाणी दिसोत. हयात चित्रकाराकडून काम करून घेणार असाल तर मानधन आणि वापराची हद्द आधी कागदावर लिहा, आणि त्याला पडद्याचं माप पहिल्याच दिवशी सांगा.

फाइलींना नावं देताना ड्रॉइंगसारखाच नंबर आणि रिव्हिजन लिहीत चला : प्रकरण, चित्र, आर०, आर१. मूळ स्कॅन, कामाची प्रत आणि पुस्तकातली प्रत अशा तीन वेगळ्या फोल्डरांत ठेवा. पहिल्या प्रकरणाला हात घालताना सोबत स्टीलची फूटपट्टी घ्या आणि तुमचा वाचक वापरतो तसा, शक्य तितका साधा, एक फोन.